जेरीकॅनची बैठक

लष्कराच्या लिलावातून सुटलेली जीप किंवा जिप्सी माझ्या शेडमध्ये येते, तेव्हा मालक आधी इंजिनाबद्दल विचारतो, मग गिअरबॉक्सबद्दल, मग रंगाबद्दल. मी गाडीच्या मागे जातो आणि जेरीकॅनचं ब्रॅकेट धरून हलवून बघतो. बोल्टाभोवतीचा पत्रा फुगलाय का, वेल्डिंगवर वेल्डिंग किती वेळा झालंय, ट्रेची भोकं मोकळी आहेत की गंजाने बुजलीत, पट्टा मूळचा आहे की कुणीतरी सुतळी बांधून वेळ मारून नेलीय. ज्या गाडीचं ब्रॅकेट नीट राखलेलं असतं, तिचं ऑइलही वेळेवर बदललेलं असतं. हा अनुभव मला क्वचितच खोटा ठरलेला दिसला.

मी लष्कराच्या ईएमईमध्ये, म्हणजे दुरुस्तीचं काम बघणाऱ्या दलात, वेल्डर होतो. सातारा तालुक्यातल्या आमच्या गावात घराआड एक फौजी, त्यामुळे भरती होणं ही काही विशेष गोष्ट नव्हती. आयटीआय करून गेलो म्हणून हातात रायफलीबरोबर वेल्डिंगचा होल्डरही आला. वर्कशॉपमध्ये इंजिनवाल्यांना मान असतो, तोफांचं काम करणाऱ्यांना त्याहून जास्त. नवीन पोरगा आला की त्याच्या वाट्याला मडगार्ड, पायऱ्या, हुक आणि ब्रॅकेटं. किरकोळ काम म्हणून ते रजिस्टरातही एका ओळीत उरकतात. मी त्या किरकोळ कामात रमलो, आणि पेन्शनीत आल्यावरही त्यातच आहे.

जिप्सीची टाकी ४० लिटरची. मागे टांगलेला एक कॅन २० लिटरचा, म्हणजे अर्धी टाकी. जबलपूरच्या वाहन कारखान्यात १९६९ पासून १९९९ पर्यंत तयार झालेली जोंगा तर जवळजवळ चार लिटरच्या सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिनावर चालायची. तिची तहान ज्याने पाहिलीय, त्याला जादा कॅनचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. मनालीहून लेहला जाताना लाहौलमध्ये तांदीला पेट्रोल पंप लागतो. पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर आहे, अशी पाटीच तिथे लावलेली होती. अशा रस्त्यावर टाकीवर सगळा भार टाकून कुणी निघत नाही.

आधी कॅनबद्दल सांगायला हवं, कारण ब्रॅकेट त्याच्यासाठी आहे. हा कॅन जर्मनांचा. १९३७ च्या सुमाराला तिथल्या म्युलर कंपनीत ग्र्यूनफोगेल नावाच्या इंजिनिअरने तो रेखला. दोन दाबून काढलेले पत्रे समोरासमोर ठेवून मधोमध वेल्डिंग केलेलं, आणि तो सांधा आत दबलेला, म्हणजे कॅन आपटला तरी मार सांध्यावर बसत नाही. दोन्ही अंगांना फुलीसारखी दाबलेली नक्षी असते, ती शोभेची नाही. तिच्यामुळे पातळ पत्र्याला ताठपणा येतो आणि आतलं तेल फुगलं तर पत्र्याला थोडं हलायला वाव मिळतो. वर तीन मुठी: मधली धरली की एकटा माणूस नेतो, कडेच्या दोन धरल्या की दोघे मिळून नेतात, आणि रिकामे दोन कॅन कडेची मूठ कडेच्या मुठीला लावून एका हातात मावतात. माणसांची रांग लावून भरलेले कॅन हातोहात पुढे द्यायचे तर या तीन मुठींसारखी सोय नाही. तोंडाला पेच नाही, खटक्याचं झाकण आहे. त्यामुळे पाना लागत नाही. आत हवेची एक नळी असते, म्हणून ओतताना डबडब होत नाही. मुठींखालच्या जागेत हवा अडकून राहते, म्हणून भरलेला कॅन पाण्यात पडला तर तरंगतो.

या कॅनचा भारताशी एक जुना संबंध आहे आणि मला तो फार आवडतो. १९३९ च्या उन्हाळ्यात पॉल प्लाइस नावाचा बर्लिनमध्ये काम करणारा अमेरिकन इंजिनिअर एका जर्मन सहकाऱ्याला घेऊन मोटारीने भारताकडे निघाला. मोटार त्यांनी स्वतःच बांधली होती. निघताना लक्षात आलं की पाणी न्यायला काही नाही. जर्मन सहकाऱ्याने टेम्पलहोफ विमानतळावरच्या साठ्यातले तीन कॅन उचलले आणि गाडीच्या पोटाखाली बसवले. अकरा देशांच्या सीमा ओलांडून ते भारतात शिरले. अर्ध्या वाटेत जर्मनाला मायदेशी परत बोलावणं आलं. जाण्यापूर्वी त्याने कॅनची पूर्ण मापं प्लाइसला दिली आणि प्लाइस एकटाच कलकत्त्याला पोहोचला. त्याच काळात इंग्रज सैन्य पातळ पत्र्याचे चौकोनी डबे वापरत होतं. आफ्रिकेच्या वाळवंटात, जिथे आपली चौथी डिव्हिजनही लढली, त्या डब्यांतलं कितीतरी पेट्रोल वाटेतच सांडून जायचं. शेवटी इंग्रजांनी जर्मन कॅनचीच हुबेहूब नक्कल केली. अमेरिकनांनी रचनेत फेरफार केला, तळाला दुमडीचा सांधा आणि तोंडाला पेचाचं झाकण दिलं, आणि तो सांधा गळायला लागला. चांगल्या वस्तूत हात घालण्याआधी ती तशी का आहे हे विचारावं, हे मी इथून घेतलं.

हा इतिहास मला वर्कशॉपमध्ये कुणी सांगितला नव्हता, तो पुढे वाचनात आला. तिथे मला शिकवलं ते एका पंजाबी उस्तादांनी. मी ब्रॅकेट वेल्ड करायला होल्डर उचलला, तेव्हा त्यांनी थांबवलं. एक भरलेला कॅन आणायला सांगितलं आणि म्हणाले, "पहले तू खुद चढा, फिर जोड." मी कॅन उचलून गाडीच्या मागे चढवला, बसवला, पट्टा आवळला. पुन्हा काढला. पुन्हा चढवला. पेट्रोलने भरलेला कॅन साधारण १९ किलो भरतो, डिझेलचा त्याहून दोनेक किलो जास्त. छातीच्या उंचीवर तो उचलून आडव्या कडेवरून आत सरकवताना कळलं की ट्रेची पुढची कड बोटभर जरी जास्त उंच असली तरी खांदा भरून येतो, आणि बोटभर कमी असली तर धक्क्याने कॅन निसटून बाहेर येईल. ही बोटभर जागा कुठल्याही नकाशात वाचून समजत नाही. उस्ताद दुसरं काही बोलले नाहीत. पुढे मी कितीतरी पोरांना वेल्डिंग शिकवलं, आणि प्रत्येकाकडून आधी कॅन चढवून घेतला.

त्या दिवसापासून माझ्या मनात एक गोष्ट पक्की बसली. ब्रॅकेटकडून दोन उलट्या अपेक्षा असतात. गाडी उलटली तरी कॅन सुटता कामा नये, आणि गाडीला आग लागली तर एका झटक्यात सुटला पाहिजे. नुसतं घट्ट धरणं सोपं आहे, वेल्डिंगने काहीही घट्ट होतं. नुसतं चटकन सोडणंही सोपं आहे. दोन्ही एका वस्तूत आणायचं, तेही अंधारात, हातमोजे घातलेल्या थकलेल्या ड्रायव्हरच्या हातून, हे अवघड.

घट्ट धरण्याचा धडा राजस्थानात मिळाला. पोखरण, महाजन अशा रेंजांच्या बाजूला वाळूतून जाणाऱ्या कच्च्या वाटांवर आडव्या बारीक लाटा पडतात. त्यावरून गाडी तासन् तास थरथरत जाते. तिथून आलेल्या गाड्यांचा मागचा पत्रा मी बघायचो. ब्रॅकेट शाबूत, बोल्ट शाबूत, आणि बोल्टाच्या भोकापासून पत्र्यात तडा गेलेला. कारण साधं आहे. कॅन उभा असताना १९ किलो असतो, पण चाक खड्ड्यात आपटलं की क्षणभर तेच वजन तिप्पट-चौपट होतं, आणि ते सगळं मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर जाडीच्या पत्र्यावर चार भोकांच्या कडांना बसतं. जुनं लुगडं एकदा उसवलं की थांबत नाही, तसा हा तडा पुढे पुढे जातो. नवखा वेल्डर त्याच्यावर नुसतं वेल्डिंग भरतो. आठवडाभराने वेल्डिंगशेजारी नवा तडा उभा राहतो, कारण तापून तिथला पत्रा कडक झालेला असतो.

उपाय असा. तड्याचं टोक शोधायचं. ते डोळ्याला दिसतं त्याच्या थोडं पुढे असतं. कानशीने रंग उतरवून, रॉकेलचा बोळा फिरवून, पुसून वर खडू चोळला की तड्यातलं रॉकेल वर झिरपतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. त्या रेघेच्या टोकाला बारीक गोल भोक पाडायचं. टोकाला धार उरली नाही की तडा पुढे सरकत नाही. मग तडा भरायचा, आणि आतल्या बाजूने तीन मिलिमीटर जाडीची रुंद पट्टी लावून बोल्ट त्या पट्टीतून घ्यायचे. वजन चार भोकांवर न पडता तळहाताएवढ्या जागेवर पसरतं. स्प्रिंग वायसर विसरायचा नाही. एवढं केलं की ब्रॅकेट गाडीबरोबर म्हातारं होतं.

वाळूचा दुसरा त्रास कमी लोकांना माहीत असतो. कॅन आणि ट्रे यांच्यात वाळू शिरते आणि थरथरीत पॉलिश पेपरचं काम करते. वरून कॅन ठणठणीत दिसतो, खालच्या कोपऱ्यात पत्रा झिजून सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. पेट्रोल इतकं कमी पाझरतं की थेंबही पडत नाही, वाटेतच उडून जातं. फक्त वास येतो. वास आला आणि थेंब दिसला नाही तर कॅन उलटा करून तळ बघायचा, ही सवय मी ड्रायव्हरांना लावली. खाली काहीतरी मऊ घालायला हवं, पण काय? जुन्या ट्यूबचं रबर पेट्रोल लागलं की फुगून लिबलिबीत होतं. नमदा पाणी धरून ठेवतो आणि ट्रे सडवतो. आता मी नायट्रिल रबराचा पत्रा वापरतो, त्याला पेट्रोल लागत नाही, आणि ट्रेच्या भोकांसमोर त्यालाही भोकं पाडतो, म्हणजे पाणी आणि वाळू खाली गळून जातात. ट्रेला भोकं नसलेलं ब्रॅकेट मी दुरुस्त करत नाही, बदलतो.

गळका कॅन मात्र आम्ही वेल्ड करत नव्हतो, मोडीतच काढायचो. रिकामा कॅन भरलेल्यापेक्षा जास्त घातकी असतो. भरलेल्यात तेल असतं, रिकाम्यात तेलाची वाफ आणि हवा यांचं मिश्रण, आणि ते एका ठिणगीची वाट बघत असतं. धुऊन, सुकवून, वास येत नाही म्हणून होल्डर लावणाऱ्या माणसाच्या हाताचं काय होतं, ते मी पाहिलेलं आहे. तो माणूस आमच्या वर्कशॉपचा नव्हता, बाहेरच्या एका गॅरेजमधला होता. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. माझ्या शेडमध्ये कुणीही पेट्रोलचा कॅन डाग लावायला आणला तर मी तो परत देतो, ओळख कितीही असो.

सोडण्याचा धडा लडाखमध्ये मिळाला. तिथे कॅन पेट्रोल-डिझेलइतकाच बुखारीच्या, म्हणजे खोली उबवणाऱ्या शेगडीच्या, रॉकेलसाठी लागतो. हिवाळ्यात रात्री रॉकेल संपलं तर माणसं थंडीनं गारठतात, त्यामुळे अंधारात कॅन काढायची वेळ रोजची. पट्टा कॅनव्हासचा. दिवसा चाकाखालचा बर्फ वितळून त्यावर उडतो, रात्री तो लाकडासारखा ताठ होतो. बक्कल लहान, हातमोजा जाड. मोजा काढला तर उघडी कातडी धातूला चिकटते. त्यात पेट्रोल हातावर सांडलं तर आणखी वाईट, कारण शून्याखालीही ते गोठत नाही. तितकंच थंड पातळ राहून हाताला लागतं आणि उडताना उरलीसुरली ऊब घेऊन जातं. बोट गेलंच समजा. एका गढवाली ड्रायव्हरने मला एका वाक्यात सांगितलं, "दस्ताना उतारो तो उंगली जाए, न उतारो तो कॅन न निकले."

त्याने स्वतःच तोडगा काढलेला होता. पट्ट्याच्या टोकाला जुन्या बुटाच्या चामड्याची वीतभर लांब जीभ शिवली होती. मोजा घातलेल्या मुठीत ती मावायची, आणि खालून वर झटका दिला की बर्फ तडकून बक्कल मोकळं व्हायचं. कित्येक वर्षं मी ब्रॅकेटं वेल्ड करत होतो, पण पट्ट्याचा विचार वेल्डरचं काम म्हणून कधी केला नव्हता. त्या दिवसापासून माझ्यासाठी ब्रॅकेट पट्ट्यापासून सुरू होतं. लष्करात गाडीत मनाने फेरफार करता येत नाही आणि ते योग्यच आहे, नाहीतर एका युनिटचा सुटा भाग दुसऱ्याला बसणार नाही. चामड्याची जीभ हा फेरफार नव्हता, म्हणून ती आमच्याकडच्या सगळ्या गाड्यांना शिवली गेली.

उंचीवरची आणखी एक गोष्ट. लेह समुद्रसपाटीपासून साधारण ३,५०० मीटरवर आहे आणि खारदुंग ला ५,३५९ मीटरवर. लेहला भरून झाकण लावलेला कॅन वर गेला की बाहेरची हवा विरळ होते, आतली तेवढीच राहते, आणि कॅनची अंगं फुगतात. त्यात दुपारचं ऊन. पेट्रोलचं तापमान वीस अंशांनी वाढलं तर २० लिटरमागे सुमारे ४०० मिलिलिटर फुगवटा येतो. म्हणून तोंडापर्यंत कॅन भरायचा नाही, आणि ब्रॅकेट कॅनच्या मापाला अगदी चिकटून बनवायचं नाही. फुगलेला कॅन तंग ब्रॅकेटात अडकला तर दोघांनी मिळून ओढला तरी निघत नाही. आणि वर पोहोचल्यावर खटका एकदम उघडायचा नाही. कॅन खाली जमिनीवर ठेवायचा, तोंड आपल्यापासून दूर, झाकण किंचित उचलायचं, सुस्कारा संपू द्यायचा, मग उघडायचं.

पेन्शनीत आल्यावर साताऱ्याला शेड टाकली. इथे येणारी गिऱ्हाइकं वेगळी. काहींना जुन्या विलीज जीपचं सगळं मूळ रूप हवं असतं. महिंद्राने १९४९ मध्ये मुंबईत जुळवायला सुरुवात केली, त्या पिढीच्या गाड्याही येतात. मागे एका बाजूला स्टेपनी, शेजारी कॅन, हे चित्र त्यांना जसंच्या तसं हवं असतं. अशांबरोबर काम करायला मला आवडतं, कारण ते एका बक्कलासाठी महिनाभर भंगारबाजार पालथे घालतात. काहींना नुसती शोभा हवी असते. रिकामा कॅन, चकचकीत रंग. त्यांनाही मी ब्रॅकेट पूर्ण वजनाचंच बनवून देतो. आज शोभेचा असलेला कॅन उद्या कुणीतरी भरणार, आणि तेव्हा पत्र्याला मालकाचा हेतू माहीत नसतो.

टपावर दोन भरलेले कॅन हवेत, असं सांगणारे तरुण येतात. त्यांना मी नाही म्हणतो. चाळीस किलो टपावर गेलं की डोंगरउतारावर गाडी कलंडायला निमित्त पुरतं.   गाडीच्या आत, सीटमागे कॅन ठेवणारे तर त्याहून वाईट. वाफ हवेपेक्षा जड असते, ती पायाशी साचते. कॅन बाहेर हवा, धुराड्याच्या बाजूला नको, आणि पाण्याचा कॅन शेजारी असेल तर दोन्हींवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं हवं. कॅन गाडीवर असतानाच पंपावर भरून घेणाऱ्यांना मी खाली उतरवून जमिनीवर ठेवायला सांगतो, म्हणजे स्थिर वीज जमिनीत जाते. चार मिनिटं जास्त लागतात.

सध्या एका गिऱ्हाइकाशी माझा वाद चाललाय. शिकलेला मुलगा, जिप्सी घेऊन स्पितीला जाणार. त्याला कॅनवर लोखंडी आडवी पट्टी आणि कुलूप हवंय, कारण मागच्या सहलीत मुक्कामाच्या ठिकाणाहून त्याचा भरलेला कॅन रात्रीत गेला. त्याचं म्हणणं मला पटतं. चोरी होते, आणि तिथे २० लिटर पेट्रोल जाणं ही साधी गोष्ट नाही. पण कुलूप लागलेला कॅन आगीत सुटत नाही. मी त्याला दोन्ही जमेल असं काही सुचवलंय. आडवी पट्टी ठेवू, तिला मोठ्या कडीची पिन देऊ, कडी मोज्यातल्या हातात मावेल एवढी. त्याच पिनेच्या टोकाला कुलपासाठी भोक ठेवू. मुक्कामाला कुलूप लावायचं, निघताना काढून डॅशबोर्डच्या खणात टाकायचं. तो म्हणतो, घाईत काढायचं विसरेन. मी म्हणतो, मग इंजिनाची किल्ली आणि कुलपाची किल्ली एका साखळीत घालू नकोस, कुलपाचीच किल्ली स्टेअरिंगला अडकव, म्हणजे बसल्यावर आधी तीच हाताला लागेल. अजून त्याने हो म्हटलेलं नाही. रविवारी तो येणार आहे. पिन तयार आहे, ब्रॅकेटला रेड ऑक्साइडचा हात मारून झालाय, आणि पाण्याने भरलेला एक कॅन मी शेडच्या दाराशी काढून ठेवलाय. तो त्याने स्वतः चढवून उतरवल्यावर पुढचं ठरवू.